फिएस्टा बोल: मिशिगन ४५, टीसीयू ५१. सामना नेमका गेला कुठे?

मक्याचं_कणीस | १ जानेवारी २०२३, सकाळी ९:१०

नवीन वर्षाच्या सगळ्यांना शुभेच्छा. रात्रभर डोक्यात तोच सामना चालू आहे, म्हणून धागा काढतोय.

काल ॲरिझोनात ग्लेनडेलला अमेरिकन कॉलेज फुटबॉलची सेमीफायनल झाली, टीसीयू म्हणजे टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीविरुद्ध. सलग तेरा सामने जिंकलेली, कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटला ४५-२३ ने लोळवलेली, बिग टेन गटाची चॅम्पियन असलेली आपली मिशिगनची टीम सहा गुणांनी हरून घरी आली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून एकच सूर लागलाय. आपल्या क्वार्टरबॅकने (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जेजे मॅकार्थीने दोन पिक सिक्स दिले, म्हणजे त्याचे पास समोरच्यांनी पकडून थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेले (टचडाऊन), चौदा गुण आंदण गेले, विषय संपला.

मला हे अजिबात पटलेलं नाही. सामना आठवून बघा. पहिल्याच प्लेला डॉनोव्हन एडवर्ड्स ५४ यार्ड पळाला, तेही हाताला प्लास्टर असताना. तिथून आपण गोल लाईनपासून दोन यार्डांवर पोचलो, चौथा डाऊन. आपली ओ-लाईन (पुढे ढकलून वाट काढणारे पाच जण) देशात पहिली, त्यासाठीचा जो मूर ॲवॉर्ड लागोपाठ दोन वर्षं आपल्याकडे. समोर तीनच जणांची डिफेन्सिव्ह लाईन खेळवणारी टीम. अशा वेळी सरळ घुसायचं सोडून आपण ट्रिक प्ले काढला. चेंडू या हातातून त्या हातात गेला आणि ज्याच्याकडे शेवटी उरला तो मागेच धरला गेला. गुण शून्य.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये रोमन विल्सनला लांब पास. मैदानावर टचडाऊन दिलं, रिव्ह्यूत काढून घेतलं, चेंडू रेषेपासून अर्ध्या यार्डावर. पुढच्याच प्लेला कॅलेल मुलिंग्जच्या हातात चेंडू बसला नाही, फम्बल, टीसीयूने उचलला. पुन्हा शून्य. आणि तिथून ते थेट आपल्या एंड झोनपर्यंत आले.

दोनदा दोन यार्डांच्या आत, हाती काही नाही, आणि हरलो सहाने. माझ्या मते सामना तिथे गेला. तुम्हाला काय वाटतं?

---

हुरॉनकाठ | १ जानेवारी, ९:३२

शब्दाशब्दाला अनुमोदन. पहिल्या ड्राइव्हचा तर फार संताप आला. एखादी टीम दमलेली असते, अंगात जोर नसतो, तेव्हा युक्त्या काढाव्या लागतात. इथे पहिल्या प्लेला ५४ यार्ड मिळालेत, समोरचे अजून सावरलेले नाहीत. दाबून टाकायची हीच वेळ होती.

---

रंकाळा | १ जानेवारी, ९:४०

रुमाल टाकून ठेवतो. आम्ही कोल्हापूरकर, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार झाली की पेठेत रात्री बारापर्यंत हीच चर्चा. तुमचा फुटबॉल वेगळा आहे पण दुखणं तेच दिसतंय. बहीण कॅन्टनला असते, ती काल फोनवर रडायचीच बाकी होती. कुणीतरी चौथा डाऊन म्हणजे काय ते सांगा, मग पुढचं वाचतो.

---

मिशिगनची_सून | १ जानेवारी, ९:५८

रंकाळा, सोपं आहे. चेंडू हातात आला की दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. एकेक संधी म्हणजे एकेक डाऊन. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्या चार. तीन संधींत जमलं नाही तर चौथ्याला ठरवावं लागतं: लाथ मारून चेंडू लांब द्यायचा, जवळ असाल तर फील्ड गोल मारून तीन गुण घ्यायचे, नाहीतर जोखीम पत्करून पुन्हा प्रयत्न करायचा. नाही जमलं तर चेंडू तिथेच समोरच्याला. टचडाऊनचे सहा आणि त्यानंतरच्या किकचा एक, असे सात गुण.

काल आपण तीन सोडून सातच्या मागे गेलो आणि काहीच मिळालं नाही. सासरे साताऱ्याहून आलेत, त्यांना पहिल्या क्वार्टरमध्ये हेच समजावत बसले होते. तिसऱ्या क्वार्टरला तेच मला सांगत होते, "अगं, आता किकऐवजी दोन गुणांचा प्रयत्न करतील बघ."

---

अभियंता_फार्मिंग्टन | १ जानेवारी, १०:२५

थोडं थंड डोक्याने. ज्या आकड्यावर धागा उभा आहे तो फसवा आहे.

दोनदा तीन-तीन घेतले असते तर ५१-५१, असं कणीस यांना सुचवायचंय. पण दुसऱ्या वेळी पहिला डाऊन होता आणि अर्धा यार्ड बाकी होतं. तिथे जगातला कुठलाही कोच फील्ड गोल मारत नाही. म्हणजे प्रश्न फक्त पहिल्या ड्राइव्हचा उरतो. पहिल्याच ड्राइव्हला दोन यार्डांवर चौथा डाऊन असेल तर प्रयत्न करणं गणितानेही बरोबर आहे. चुकलं तरी समोरच्याला त्याच्या स्वतःच्या रेषेजवळून सुरुवात करावी लागते. निर्णय योग्य होता, प्ले चुकीचा होता. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया.

आता दुसरी बाजू. आपण एकूण ५२८ यार्ड केले, त्यांनी ४८८. जास्त यार्ड करून माणूस हरतो तो गुण परस्पर गेल्यामुळे. बड क्लार्कचा ४१ यार्डांचा पिक सिक्स, डी विंटर्सचा २९ यार्डांचा. चौदा गुण त्यांच्या ऑफेन्सने मैदानात पाय न ठेवता मिळवले. हे बाजूला ठेवून विश्लेषण होऊच शकत नाही.

---

मक्याचं_कणीस | १ जानेवारी, १०:४१

अभियंता, निर्णय आणि प्ले वेगळे ठेवायला माझी हरकत नाही, माझा रोख प्लेवरच आहे. पण जेजेबद्दल एवढंच बोलून थांबू नका ना. ३४ पैकी २० पास, ३४३ यार्ड, दोन टचडाऊन पास, वर स्वतः पळून एक. हाफटाईमला २१-६ ने मागे असलेली टीम ४१-३८ पर्यंत कुणी आणली? पोरगा एकोणीस वर्षांचा आहे.

---

कोथरूड_पहाटे | १ जानेवारी, १०:५५

पुण्यात सामना रात्री अडीचला सुरू झाला. बाहेर थर्टी फर्स्टचे फटाके विझत आलेले आणि मी २०११ च्या ॲन आर्बरच्या टी-शर्टमध्ये लॅपटॉपसमोर.

तिसऱ्या क्वार्टरबद्दल कुणीच काही लिहिलं नाही अजून! एका क्वार्टरमध्ये दोघांचे मिळून ४४ गुण. पंधरा मिनिटांच्या खेळात. रॉनी बेलचं ते टचडाऊन आठवा: चेंडू एडवर्ड्सकडे गेला, सगळी डिफेन्स पुढे धावली, एडवर्ड्सने चेंडू परत जेजेकडे फेकला आणि बेल मागे मोकळा. मी इतक्या जोरात ओरडलो की आई उठून आली. मग लगेच विंटर्सचा पिक सिक्स. मग जेजे स्वतः पळाला. मग टीसीयूचा डेमरकाडो. श्वास घ्यायला उसंत नाही.

मुद्दा असा की ट्रिक प्ले हा काही मुळातच वाईट नाही. बेलचं टचडाऊन ट्रिक प्लेच होता. कोलंबसला मुलिंग्जने उडी मारून टाकलेला पासही तोच प्रकार होता आणि तेव्हा आपण सगळे टाळ्या पिटत होतो.

---

हुरॉनकाठ | १ जानेवारी, ११:०४

कोथरूड, फरक जागेचा आहे. मैदानाच्या मध्यावर ट्रिक प्ले केला तर मागे तीस-चाळीस यार्ड मोकळे असतात, डिफेन्स फसली की पळायला जागा मिळते. दोन यार्डांवर डिफेन्सच्या मागे जागाच नसते. अकराचे अकरा जण दाटीने उभे. कुणी फसला तरी दोन पावलांत परत येतो. तिथे जितका वेळ चेंडू मागे फिरवाल तितका तुमचा तोटा.

---

फोर्टवर्थकर | १ जानेवारी, ११:३०

दारावर टकटक करून आत येतो. गेली बारा-पंधरा वर्षं फोर्ट वर्थला आहे, बायको टीसीयूची विद्यार्थिनी. काल आमच्याकडे काय वातावरण होतं ते सांगत नाही, तुम्हाला त्रास होईल.

पण "सरळ घुसायचं" या मताला माझा विरोध आहे, आणि तो स्वानुभवाचा. ३ डिसेंबरला आमच्या बिग ट्वेल्व्ह गटाची फायनल आठवते का? कॅन्सस स्टेटविरुद्ध ओव्हरटाईम. आम्ही एका यार्डाच्या आत. केंड्रे मिलरसारखा पळणारा. सरळ घुसलो, अडवलं. चौथ्या डाऊनला पुन्हा सरळ घुसलो, पुन्हा अडवलं. त्यांनी फील्ड गोल मारला आणि आम्ही ३१-२८ ने हरलो. त्या रात्री आमच्याकडचे सगळे ओरडत होते की जरा डोकं का नाही चालवलं, काही वेगळं का नाही केलं.

म्हणजे सरळ पळून अडकलं की लोक म्हणतात युक्ती हवी होती, युक्ती फसली की म्हणतात सरळ पळायचं. काल ज्यांनी तुमचा तो प्ले हाणून पाडला त्यांनाही थोडं श्रेय द्या. आमचे डिफेन्सचे कोच जो गिलेस्पी तीन-तीन-पाच खेळवतात. पुढे तीन, मागे पाच. दिसायला समोर रिकामं वाटतं, पण मागून कोण कधी पुढे येईल याचा पत्ता लागत नाही. क्लार्कने तो पास कसा वाचला ते पुन्हा बघा. चेंडू हातातून सुटायच्या आधी तो निघाला होता.

---

मिशिगनची_सून | १ जानेवारी, ११:४५

फोर्टवर्थकर, स्वागत आणि मनापासून अभिनंदन. तुमच्या क्वार्टरबॅकबद्दल, मॅक्स डगनबद्दल तर आमच्या घरातही आदर आहे. सीझनच्या सुरुवातीला बाकावर बसलेला, २०२० मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, आणि सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पुरस्कारात दुसरा. दोन इंटरसेप्शन (पास समोरच्याच्या हातात) त्यानेही दिले काल, पण एकदाही खांदे पडलेले दिसले नाहीत.

---

कोलंबसकर | १ जानेवारी, १२:१०

तुमचा सामना संपला तेव्हा मी फार खूश होतो. चार तासांनी नव्हतो.

दुसऱ्या सेमीफायनलमध्ये बारा वाजता, अक्षरशः वर्ष बदलताना, आमचा ५० यार्डांचा फील्ड गोल डावीकडे भरकटला. जॉर्जिया ४२, ओहायो स्टेट ४१. शेजारच्या घरात "हॅपी न्यू इयर" चाललेलं आणि आम्ही आठ जण टीव्हीकडे बघत उभे.

---

हुरॉनकाठ | १ जानेवारी, १२:१४

कोलंबसकर, या, बसा. चहा ठेवलाय. आज भांडण नाही.

---

लान्सिंगवासी | १ जानेवारी, १२:२०

आम्ही मिशिगन स्टेटचे स्पार्टन लोक यंदा ५-७, बोलही (सीझननंतरचा सामना) नाही मिळाला, त्यामुळे आमचं मन शांत आहे. पण अर्ध्या यार्डाच्या गोष्टी निघाल्या म्हणून आठवण: १७ ऑक्टोबर २०१५, बिग हाऊस म्हणजे तुमचंच मैदान, दहा सेकंद बाकी, तुमचा पंट. तुम्हाला फक्त चेंडू लांब मारायचा होता, तेही जमलं नाही.

---

मक्याचं_कणीस | १ जानेवारी, १२:२२

लान्सिंगवासी, त्या दिवसाचा उल्लेख या धाग्यावर करायचा नाही. 😊

---

नोव्हीचे_आजोबा | १ जानेवारी, दुपारी २:०५

मुलांनो, १९८४ पासून मिशिगनमध्ये आहे. विद्यापीठाशी माझा संबंध मुलीच्या शिक्षणापुरता, पण शनिवारचं वेड तिच्याआधीपासून. १९९७ ची टीम पाहिली, चार्ल्स वुडसन पाहिला, रोझ बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटला २१-१६ ने हरवलं तो दिवस पाहिला. त्यानंतर राष्ट्रीय विजेतेपद नाही. पंचवीस वर्षं झाली.

जवळच्या पराभवांची यादी माझ्याकडे लांबलचक आहे. १ सप्टेंबर २००७, ॲपलेशियन स्टेट, ३४-३२, शेवटचा फील्ड गोल अडवला, आणि घरच्या मैदानावर लाखभर माणसं एकदम गप्प. २०१६ ची कोलंबसची मॅच, दोन ओव्हरटाईम, ३०-२७. चौथ्या डाऊनला जे. टी. बॅरेट रेषेपर्यंत पोचला की नाही, यावर आमच्या घरात जावयाचं आणि माझं अजून एकमत नाही. तिथेही अंतर बोटभरच होतं. कालच्या विल्सनच्या कॅचकडे बघताना मला तीच मॅच आठवली.

कबड्डीत चढाई करणारा पकडला गेला की तो हात लांब करून मध्यरेषा शिवू पाहतो, आणि पंच वाकून बोट बघतो, तसा तो क्षण होता. पोरगा लांबून पळत आला, उडी घेतली, चेंडू दोन्ही हातांत घट्ट, पाठीमागे डिफेंडर लटकलेला. पहिल्या कोनातून चेंडू आत वाटतो. दुसऱ्या कोनातून अंग टेकतं तेव्हा चेंडू पांढऱ्या रंगाच्या अलीकडे वाटतो. माझ्या मते जे दिसतं त्यात निर्णय फिरवण्याइतकी खात्री नव्हती. मैदानावरच्या पंचाने टचडाऊन दिलं होतं, ते तसंच राहायला हवं होतं.

---

अभियंता_फार्मिंग्टन | १ जानेवारी, २:३०

आजोबा, रिव्ह्यूबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. नियमच असा आहे की मैदानावरचा निर्णय बदलायला निर्विवाद पुरावा लागतो. तो कुठे होता?

पण पंचांवर सगळं ढकलू नये असंही वाटतं. अर्धा यार्ड आणि चार डाऊन हातात होते. त्यातून टचडाऊन काढणं ही आपली जबाबदारी होती.

---

ट्रॉयची_ताई | १ जानेवारी, ३:१५

आणि शेवटचं टार्गेटिंग (हेल्मेटने धडक मारण्याचा फाउल)? चौथा डाऊन, मिनिटभरही बाकी नाही. स्नॅपच (सेंटरने मागे दिलेला चेंडू) नीट आला नाही, चेंडू खाली पडला, तरी कसाबसा उचलून पुढे दिला आणि कॉल्स्टन लव्हलँडला हेल्मेटने धडक बसली. इतका वेळ रिव्ह्यू केला आणि म्हणे काही नाही. मिळालं असतं तर पंधरा यार्ड आणि पहिला डाऊन.

माझा मुलगा हायस्कूलमध्ये खेळतो. त्याच्या कोचने पहिल्या दिवशी शिकवलं की डोकं खाली घालून धडक मारायची नाही, मान मोडते. मग मोठ्या सामन्यात डोळ्यासमोर तसं झाल्यावर सोडून कसं देतात? सामना जिंकलो असतो की नाही हा मुद्दा वेगळा. त्या वयाच्या पोरांच्या मानेचा प्रश्न आहे.

---

फोर्टवर्थकर | १ जानेवारी, ३:४०

ताई, प्रामाणिकपणे सांगतो, ते बघताना आमच्याही पोटात गोळा आला होता. दिलं असतं तर वाद घालता आला नसता.

---

रंकाळा | १ जानेवारी, ४:०५

सगळं वाचलं आणि यूट्यूबवर हायलाइट्सही पाहिल्या. नवख्याचा एक प्रश्न. तुम्ही सगळे ऑफेन्सवर बोलताय. ४५ गुण केले की राव तुम्ही! ५१ दिले त्याचं काय?

---

हुरॉनकाठ | १ जानेवारी, ४:२०

नवख्याने नेमक्या जागी बोट ठेवलं.

आपला चेंडू घेऊन पळणारा मुख्य गडी ब्लेक कोरम इलिनॉयविरुद्ध गुडघा दुखावून बाहेर गेला याचं आपण महिनाभर दुःख केलं. पण डिफेन्समध्ये माइक मॉरिसचा घोटा दुखावला होता आणि तो पूर्वीसारखा नव्हता, याकडे कुणी फार बघितलं नाही. कडेला दबाव टाकणारा माणूस कमी पडला की क्वार्टरबॅकला वेळ मिळतो, आणि डगनला वेळ मिळाला की काय होतं ते दिसलं. वर तो स्वतःच पळतो, त्यामुळे दबाव टाकायला गेलात तरी पंचाईत.

सीझनभर समोरच्यांना पळून शंभर यार्डही मिळत नव्हते आपल्याविरुद्ध. काल २६३. केंड्रे मिलर जखमी होऊन बसला, तेव्हा आमच्या सोफ्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. त्याच्या जागी एमारी डेमरकाडो आला आणि १५० यार्ड पळाला. हात लागत होते पण माणूस पडत नव्हता. पहिला टॅकल चुकला की पुढे दहा यार्ड, हे किती वेळा झालं.

---

कोथरूड_पहाटे | १ जानेवारी, ४:३८

आणि त्यांचा क्वेंटिन जॉन्स्टन. ४१-३८ केलं आपण, इथे पहाट व्हायला आलेली, मला वाटलं आता सामना आपला. लगेच आखूड पास, एक जण चुकला, आणि तो सव्वासहा फुटांच्या आसपासचा गडी ७६ यार्ड कडेकडेने निघून गेला. माझ्यासाठी सामना तिथे गेला. गोल लाईनवर नव्हे. आपण तीन गुणांवर आलो होतो, एक स्टॉप मिळाला असता तर आघाडी घ्यायची संधी होती. जेव्हा जेव्हा जवळ गेलो तेव्हा तेव्हा त्यांनी लगेच उत्तर दिलं आणि आपल्या डिफेन्सला एकदाही "थांब" म्हणता आलं नाही.

---

अभियंता_फार्मिंग्टन | १ जानेवारी, ४:५०

"एकदाही" नाही. आपल्या रॉड मूरचं इंटरसेप्शन होतं, आणि शेवटी ५१-४५ झाल्यावर त्यांना पंट करायला लावलं, चेंडू आपल्याकडे परत आला. पण मोक्याच्या वेळी नाही, हे मान्य.

---

कोलंबसकर | १ जानेवारी, ५:३०

बाहेरचा म्हणून एक निरीक्षण. तुमचा कोच हार्बॉ याचा बोल सामन्यांतला हिशोब मिशिगनमध्ये आता एक विजय, सहा पराभव. तो एक विजय २०१६ च्या सिट्रस बोलमधला, फ्लोरिडाविरुद्ध ४१-७. महिनाभर सुट्टी मिळाली की तुमची टीम गंजते का? आमच्याविरुद्ध दोन वर्षं ज्या जोरात खेळलात तसे काल पहिल्या अर्ध्यात दिसलाच नाहीत.

---

मक्याचं_कणीस | १ जानेवारी, ५:५२

कोलंबसकर, हा प्रश्न रास्त आहे आणि झोंबतोही. गेल्या वर्षी ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने ३४-११ ने धुतलं, तेव्हा म्हणालो होतो की ते ताकदीने वरचढ होते. कालचं तसं नव्हतं. काल आपण ताकदीने कमी नव्हतो. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा त्या पहिल्या ड्राइव्हवर येतो. महिनाभर तयारी करायला मिळाली की कोच मंडळी काहीतरी खास शिजवतात आणि ते वापरायची घाई होते. आपलं रोजचं हत्यार सोडून नवं काढलं. मुलांचा आत्मविश्वास कशावर उभा होता? समोरच्याला ढकलून पळण्यावर. ते पहिल्या परीक्षेलाच आपण सोडलं.

---

नोव्हीचे_आजोबा | १ जानेवारी, रात्री ८:१५

हार्बॉबद्दल सबुरीने बोला. २०२० ला २-४ होतो. पगार निम्म्यावर आणला तरी माणूस राहिला, नवे तरुण कोच आणले, आणि पुढची दोन वर्षं १२-२ आणि १३-१. आता एनएफएलवाले (व्यावसायिक लीग) पुन्हा त्याच्या मागे लागलेत असं वाचतोय. तो गेला तर हा कालचा सामना तुम्हाला फार छोटा वाटेल.

आणखी एक. माझ्या नातवाच्या फोनवर त्या मुलिंग्जबद्दल आणि मॅकार्थीबद्दल लोकांनी जे लिहिलंय ते पाहिलं. लाज वाटली. ही मुलं सोमवारी वर्गात बसतात. मुलिंग्ज डिफेन्समधला लाईनबॅकर होता, टीमला गरज होती म्हणून सीझनच्या मध्यात चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक झाला. इतक्या कमी सरावाच्या माणसाच्या हातात अर्ध्या यार्डावर चेंडू देणं हा निर्णय त्याचा नव्हता. टीका करायची तर ज्यांना कोटींत पगार मिळतो त्यांच्यावर करा.

---

ट्रॉयची_ताई | १ जानेवारी, ८:२२

आजोबा, पूर्ण सहमत. या धाग्यावर तसं कुणी लिहिलं नाही याचा आनंद आहे. लिहिलं तर मी पहिली भांडेन.

---

हुरॉनकाठ | १ जानेवारी, ८:४०

आजोबांचा मुलिंग्जचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो इथे आधी यायला हवा होता. कोरम नसताना अर्ध्या यार्डावर चेंडू कुणाकडे द्यायचा याचं आपल्याकडे उत्तरच नव्हतं. एडवर्ड्सच्या हाताला प्लास्टर, म्हणून चेंडू सुटायची भीती. म्हणून मुलिंग्ज. पहिल्या ड्राइव्हचा ट्रिक प्लेही बहुधा याच अडचणीतून आला. कोरम असता तर कुणी युक्ती शोधलीच नसती. यंदा गोल लाईनवर चेंडू कोरमकडे दिला की आपण निर्धास्त असायचो.

---

अभियंता_फार्मिंग्टन | १ जानेवारी, ८:५५

हे मात्र पटलं. पण मग माझा प्रश्न: जेजे पळू शकतो. कालच २० यार्ड पळून टचडाऊन केलं. अर्ध्या यार्डावर क्वार्टरबॅकने सेंटरच्या मागून स्वतःच घुसायचं, समोर ओलू ओलुवाटिमी, देशातला सर्वोत्तम सेंटर म्हणून रिमिंग्टन ॲवॉर्ड मिळालेला. चेंडू दुसऱ्याकडे द्यायचाच नाही, म्हणजे हात बदलताना सुटायची भीती नाही. इतका साधा प्ले का नव्हता?

---

मक्याचं_कणीस | १ जानेवारी, ९:०३

अभियंता, आता तुम्ही माझ्या बाजूला आलात!

---

अभियंता_फार्मिंग्टन | १ जानेवारी, ९:०७

अर्ध्या यार्डापुरता. चौदा गुणांचं माझं म्हणणं कायम आहे.

---

रंकाळा | १० जानेवारी, सकाळी १०:२०

धागा वर काढतो. काल फायनल पाहिली, बहिणीने सबस्क्रिप्शनचा पासवर्ड दिला. जॉर्जिया ६५, टीसीयू ७. फोर्टवर्थकर, कसे आहात?

---

फोर्टवर्थकर | १० जानेवारी, १०:५५

ठीक आहे. हाफटाईमला ३८-७ होतं, तेव्हाच मुलांना झोपवलं. गेल्या वर्षी आम्ही ५-७ होतो आणि नवा कोच आलेला. बारा हजारांच्या आसपास विद्यार्थी असलेलं आमचं कॉलेज फायनलला गेलं, ते मिशिगनला हरवून गेलं. हे कुणी काढून घेऊ शकत नाही. काल लोक म्हणत होते की त्या जागी मिशिगन असायला हवं होतं. त्यावर माझं उत्तर एवढंच की सामना झाला होता आणि ५१-४५ निकाल लागला होता.

---

मिशिगनची_सून | १० जानेवारी, ११:१०

फोर्टवर्थकर, तुमची बाजू बरोबर आहे. ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांची काल अशी अवस्था बघून मला अजिबात बरं वाटलं नाही.

---

हुरॉनकाठ | १० जानेवारी, ११:३०

इकडे काल मोठी बातमी आली ती कुणी लिहिली नाही का? कोरम परत येतोय! एनएफएलला न जाता आणखी एक वर्ष. जेजे आहेच, एडवर्ड्स आहे, ओ-लाईनमधलेही बरेच राहतायत. सेंटर मात्र जाणार, ती जागा मोठी आहे.

---

कोथरूड_पहाटे | १० जानेवारी, ११:४२

कोरम!!! ऑफिसात उभा राहून टाळ्या वाजवल्या.

---

अभियंता_फार्मिंग्टन | १० जानेवारी, दुपारी १:१५

आनंद आहेच, पण मूळ प्रश्नाकडे येतो, कारण गेल्या आठवड्यात पूर्ण सामना पुन्हा पाहिला. कणीस, तुमच्या दुसऱ्या संधीला जितका भाव द्यायला हवा तितका मी दिला नव्हता. तिथे आपण १४-३ ने मागे होतो. टचडाऊन झालं असतं तर १४-१०. झालं काय? फम्बल, आणि त्यांनी सगळं मैदान पार करून २१-३ केलं. चार गुणांचं अंतर अठरावर गेलं. एका चुकीच्या प्लेमागे चौदा गुण, म्हणजे दोन्ही पिक सिक्स मिळून जितके गेले तितके.

तरी पहिल्या पिक सिक्सला मी गोल लाईनइतकंच जबाबदार धरतो. आणि कोरम आला म्हणून डिफेन्स आपोआप सुधारणार नाही. आपले डिफेन्सचे कोच जेसी मिंटर यांना पुढच्या सीझनच्या आत टॅकलिंग आणि कडेचा दबाव या दोन गोष्टींवर काम करावं लागेल. ऑफेन्स ४५ करते, हा प्रश्न नाहीच.

---

मक्याचं_कणीस | १० जानेवारी, १:४०

मान्य. डिफेन्सचा मुद्दा मी सुरुवातीच्या पोस्टमध्ये घेतलाच नव्हता, तो रंकाळाने आणला आणि तो बरोबर आहे. पण माझं मूळ मत तसूभरही बदललेलं नाही. दोन यार्डांच्या आत गेल्यावर आपल्या सगळ्यात मजबूत पाच जणांच्या मागून पळायचं. अडवलं तर अडवलं, फोर्टवर्थकरांसारखं. पुढच्या वर्षी प्लेऑफला पोचलो आणि पुन्हा अशी वेळ आली तर मला चेंडू कोरमच्या हातात बघायचाय, मग निकाल काहीही लागो.

---

नोव्हीचे_आजोबा | १० जानेवारी, ३:००

२ सप्टेंबरला घरच्या मैदानावर ईस्ट कॅरोलायना. पायोनियर हायस्कूलच्या पार्किंगमध्ये आमची जागा नेहमीची. ज्यांना यायचंय त्यांनी इथे नाव लिहा, थालीपीठं आमच्याकडून. रंकाळा, बहिणीला सांगा, तिलाही यायचं आहे.

---

रंकाळा | १० जानेवारी, ३:०४

बहीण आणि भाऊजी, दोन नावं लिहा आजोबा. मी ऑगस्टमध्ये व्हिसाचं बघतो.

---

कोलंबसकर | १० जानेवारी, ३:१०

आमच्यासाठीही एक थालीपीठ ठेवा. २५ नोव्हेंबरला तुमच्याकडेच येतोय.